रातांब्यांची आमसुलं घरी कशी करावीत

मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात आमच्याकडे राजापूर तालुक्यात कुणाच्याही खळ्यात पाऊल टाकायचं तर आधी खाली बघावं लागतं. एका कोपऱ्यात मिरच्या, दुसऱ्यात फणसाच्या आठळ्या, मांडवाखाली ताटांत थापलेली आंबापोळी, आणि उरलेल्या जागेत जुन्या साडीवर पसरलेल्या लालजांभळ्या वाट्या. त्या वाट्या म्हणजे रातांब्याची सालं, आमसूल व्हायच्या वाटेवरची.

नावांचा घोळ आधी मिटवू. झाडावरचं ताजं फळ रत्नागिरीकडे रातांबा, मालवणाकडे आणि गोव्यात भिरंड. त्याची वाळवलेली साल म्हणजे आमसूल किंवा सोल. कोकम म्हटलं की झाड, फळ, साल, सरबत सगळंच आलं. 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेही ‘सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी कोकम’ याच नावाने.

मी राहतो पुण्यात. दर मेमध्ये आठ-दहा दिवस गावी जातो आणि आत्याच्या हाताखाली हे काम करतो. पुण्या-मुंबईतही मे महिन्यात कोकणी माल विकणाऱ्यांकडे ताजे रातांबे मिळतात आणि पाच किलोंचं काम गच्चीवर आरामात होतं. खाली दिलेली मापं पाच किलोंची आहेत.

आधी उन्हाचा हिशेब

आमसुलाला कडक उन्हाचे सात-आठ दिवस लागतात. मोसमी पावसाची सरासरी तारीख केरळात 1 जून आणि मुंबईत 11 जून, म्हणजे कोकणात त्याच्या अधेमधे. वळीव त्याआधीच एक-दोनदा झोडपून जातो. तेव्हा फळं 20 मेच्या आत हातात असलेली बरी.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, फटका खाऊन सांगतोय. 2025 मध्ये मी 19 तारखेला फळं आणून ठेवली आणि दोन दिवस कापायचा कंटाळा केला. आत्याही म्हणाली, “असू दे रे, ऊन काय पळून जातंय?” ते पळून गेलं. मेच्या विशीतच कोकणात पावसाने ठाण मांडलं, आणि मोसमी पाऊस मुंबईपर्यंत पोचला तो 26 मेला, ठरल्या वेळेच्या सोळा दिवस आधी. तीन परात अर्धवट वाळलेल्या साली माजघरात पंख्याखाली हलवल्या, त्यांतली एक परात चौथ्या दिवशी हिरवी पडली. उरलेल्या दोन कशा वाचल्या ते पुढे येईलच.

फळ निवडणं

रंग गडद लाल ते जांभळा हवा आणि बोटाने दाबलं तर किंचित दबायला हवं. देठाशी हिरवट असलेलं फळ बाजूला ठेवा, ते दोन दिवसांत पिकतं. झाडाखाली पडलेली फळं चालतात, मात्र फुटलेली नकोत. पावसात भिजलेलं फळ कितीही लालबुंद दिसलं तरी घेऊ नका. ते पाणचट असतं आणि वाळण्याआधी सडतं. घरी आणलं की एकदाच धुवा आणि कापडावर पसरून पूर्ण कोरडं करा. ओलं फळ कापलं तर ते पाणी रसात जातं, आणि बुरशीची सुरुवात तिथूनच होते.

कापणं

आधी हातांना आणि विळीच्या पात्याला खोबरेल तेल चोळा. सालीला पिवळसर चीक असतो, तो तेलाशिवाय दोन दिवस निघत नाही. अंगावर जुना शर्ट असू द्या, हा रंग धुण्याने जात नाही.

फळ आडवं कापलं की दोन वाट्या होतात. आत पांढऱ्या-गुलाबी बुळबुळीत गरात पाच ते आठ बिया बसलेल्या असतात. अंगठा आत घालून एकदा फिरवला की गर बियांसकट सुटून येतो. साली एका परातीत, गर-बिया दुसऱ्या भांड्यात. पाच किलोंना दोघांना तास-दीड तास पुरतो आणि गप्पांसाठी याहून चांगलं निमित्त नाही. आमच्याकडे गावातल्या निम्म्या बातम्या मला विळीवरच कळतात.

भांडी स्टीलची, काचेची किंवा चिनी मातीची घ्या. ॲल्युमिनियम आणि बिनकल्हईचं पितळ अजिबात नको, हा रस धातू खातो.

मीठ आणि रस

पाच किलो फळांतून अदमासे अडीच किलो गर-बिया निघतात. त्यात 300 ग्रॅम जाडं मीठ घालून हाताने चांगलं कालवा. तासाभरात गराला पाणी सुटून पातळ गुलाबी रस होतो. बिया आत्ताच काढायच्या नाहीत, त्यांच्याभोवतीचा गर रसात उतरायला रात्र जावी लागते. बारीक मीठ वापरलंत तर 250 ग्रॅमच्या वर जाऊ नका.

मीठ कमी घालण्याचा मोह होतो. मीही एकदा निम्मंच घातलं होतं. तिसऱ्या दिवशी रसावर फेस आला आणि ताडीसारखा वास सुटला. वर्षभर टिकणाऱ्या वस्तूत मीठ चवीपुरतं घालून चालत नाही.

सगळ्या साली या रसात बुडवून भांडं झाका आणि रात्रभर ठेवा. आता बरणी भरेपर्यंत याला ओला चमचा किंवा ओला हात लावायचा नाही.

पुटं देणं

खरं काम हेच आहे. नुसती साल वाळवली तर ती आंबट चामडं होते. रस पुन्हा पुन्हा पिऊन वाळली तरच ती आमसूल होते.

सकाळी नऊच्या सुमाराला साली रसातून काढून चाळणीत निथळा आणि स्वच्छ सुती साडीवर किंवा सुपांत एकेक सुटी पसरा, आतली बाजू वर करून. प्लॅस्टिकवर पसरल्या तर खालून घाम धरतो. दुपारी दोनदा उलटा. रसाचं भांडंही वर पातळ कापड बांधून उन्हातच ठेवा, म्हणजे रस टिकतो आणि दाटही होतो. पहिल्या दिवशी बिया हाताने चोळून रसातून काढून घ्या. त्या टाकू नका.

संध्याकाळी दव पडायच्या आत साली उचला आणि परत रसात घाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पहिल्या दोन रात्री साली पूर्ण बुडतात. तिसऱ्या दिवसापासून रस इतका कमी होतो की नुसतं घोळवावं लागतं. पाच-सहा पुटांत रस संपतो. त्यानंतर दोन दिवस कोरडं ऊन द्यायचं आणि रात्री साली नुसत्या झाकून ठेवायच्या.

झालं कधी म्हणायचं? वाटी दुमडली तर वाकली पाहिजे, तुटता कामा नये. दोन बोटांत दाबली तर बोटं ओलसर होऊ नयेत. रंग जांभळट काळा, आणि दोन-तीन एकमेकींवर आपटल्या तर सुकलेल्या चामड्यासारखा थपथप आवाज. कुरकुरीत झाल्या तर ऊन जास्त लागलं. खायला बिघडत नाही, फक्त भिजायला वेळ घेतात.

माझ्याकडे पाच किलोंची सहाशे ते सातशे ग्रॅम उतरतात. काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत दाबून भरा. महिन्याभराने वर पांढरं काही दिसलं तर घाबरू नका, जिभेवर ठेवून बघा. खरखरीत आणि खारट असेल तर ते मीठ आहे. मऊ, केसाळ किंवा हिरवट दिसलं तर चव बघायला जाऊ नका, बरणी रिकामी करा.

मध्येच पाऊस आला तर

2025 मधल्या त्या दोन परातींना आत्याने असं वाचवलं. साली परत रसात टाकल्या, वर मूठभर जाडं मीठ पेरलं आणि बरणीत गच्च भरून ठेवल्या. म्हणजे त्यांचं लोणचं झालं म्हणा ना. जून महिन्यात जेव्हा उघडीप मिळाली तेव्हा काढून वाळवल्या. गॅसवर तापवून किंवा ओव्हनमध्ये घालून वाळवण्याचे उद्योगही मी करून पाहिलेत. वाळतात, पण कडा करपतात आणि रंग विटकरी येतो.

सरबतासाठी थोड्या साली बाजूला

कापतानाच किलोभर साली वेगळ्या काढा, मीठ न लावता. एका साल-वाटीत साखर भरायची, ती बरणीत उभी ठेवायची, तिच्यावर दुसरी. एक किलो सालींना दोन किलो साखर लागते. आकडा बघून दचकू नका, सरबत पाच-सहा पट पाणी घालूनच प्यायचं आहे. बरणीच्या तोंडाला दादरा बांधून सात-आठ दिवस उन्हात ठेवा आणि रोज कोरड्या लाकडी चमच्याने हलवा. साखर पूर्ण विरघळली की गाळा, चमचाभर भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि थोडं मीठ घाला. उरलेल्या साली पोरं तशाच चघळतात.

बाजारातल्या बऱ्याच बाटल्यांत वरून रंग घातलेला असतो. घरचं सरबत पाणी घातल्यावर फिकट गुलाबी दिसतं, भडक लाल नाही. पाहुणे “पातळ केलंय का?” विचारतात. विचारू द्यावं.

आगळ, म्हणजे रातांब्याचा खारवलेला रस, हवं असेल तर साखरेऐवजी मीठ: सालींसकट एक किलो गराला 150 ते 200 ग्रॅम. आठवडाभर रोज ढवळायचं आणि गाळून बाटलीत भरायचं. आगळात मीठ इतकं असतं की सोलकढीत वेगळं घालण्याआधी चाखावंच लागतं.

सोलकढी

नवी आमसुलं कळावीत म्हणून पहिल्यांदा हीच करावी. आठ-दहा आमसुलं वाटीभर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कुस्करा आणि गाळा. एका नारळाचं खोबरं, दोन लसणीच्या पाकळ्या आणि एक हिरवी मिरची वाटून दोन वेळा दूध काढा. दोन्ही एकत्र करा, मीठ आणि कोथिंबीर घाला. गॅसवर ठेवायची नाही, फुटते. खोबरं न घालता नुसत्या आमसुलाच्या पाण्याला हिंग-मिरचीची चव दिली की गोव्यातली फुटी कढी. मासे नसतील त्या दिवशी आम्हाला भातावर तीच पुरते.

बिया

बियांना चुलीतली राख चोळून बुळबुळ काढा, धुवा आणि आठवडाभर वाळवा. टरफल फोडून आतला मगज कुटा, पाण्यात उकळा आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी वर पांढरट साय धरलेली असते. ती काढून पुन्हा वितळवून गाळली की कोकमतेल तयार. सावंतवाडीकडे त्याला भिरंडेल म्हणतात. आमच्याकडे त्याचे मुठीत दाबून गोळे वळतात, त्यांना मुठेल म्हणतात. साध्या तपमानाला ते घट्ट असतं, 40 अंशांच्या आसपास वितळतं. थंडीत टाचांना भेगा पडल्या की गोळा जरा शेकवून चोळायचा. पाच किलो फळांतून मात्र जेमतेम सुपारीएवढाच गोळा निघेल. शेजारच्या दोन घरांच्या बिया मागून घ्या, तरच हा उद्योग परवडतो.

आणि झाड लावायचं असेल तर

चार-पाच बिया धुऊन लगेच मातीत घाला, वाळवलेली बी उगवत नाही. कोंब यायला महिनाभर किंवा जास्तच लागतो. पण बियांच्या रोपांची एक गोम आहे. रातांब्यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बियांपासून आलेली जवळपास निम्मी रोपं नर निघतात, आणि ते कळायला सात-आठ वर्षं जातात. आमच्या विहिरीजवळचं झाड आजोबांनी लावलं. ते दरवर्षी फुलतं आणि एकही फळ देत नाही. म्हणून जागा एकाच झाडाची असेल तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण अमृता’ जातीचं मादी कलम घ्या आणि परिसरात नर झाड आहे ना याची चौकशी करा.

खड्डा आत्ताच खणायचा, दोन फूट लांब-रुंद-खोल, आणि उन्हात तापू द्यायचा. पाऊस यायच्या आधी शेणखत, पाचोळा आणि माती मिसळून भरा. कलम लावायचं ते पाऊस स्थिरावल्यावर, जूनच्या शेवटी, जिथे पहिली दोन वर्षं थोडी सावली मिळेल अशा जागी. भरताना खड्ड्याच्या मधोमध एक काठी रोवून ठेवा. पहिल्या पावसात माती दबते, वर तण उगवतं, आणि मग कुदळ हातात घेऊन आपलाच खड्डा शोधत बसावं लागतं.