तंबू घेताना आधी मोजपट्टी काढा

माझं दुकान शिलाईचं आहे, पुण्यात. सॅकचे पट्टे, स्लीपिंग बॅगच्या चेनी, तंबू, ट्रेकवाल्यांचं जे जे फाटतं ते माझ्या मशीनखाली येतं. त्यामुळे नवा तंबू कसा दिसतो यापेक्षा दोन पावसाळ्यांनंतर तो कुठे उसवतो, हे मला जास्त ठाऊक. पाऊस सरला की गिऱ्हाइकांची ठरलेली विचारणा सुरू होते: "काकू, ऐसपैस हवा, पटकन लागणारा हवा आणि पाठीवर नेता आला पाहिजे. कुठला घेऊ?" मी कंपनीचं नाव सांगत नाही. मोजपट्टी पुढे करते.

"दोन माणसांचा" म्हणजे किती?

पिशवीवर छापलेला माणसांचा आकडा म्हणजे शेजारी शेजारी किती पाठी टेकतील तेवढाच. सॅक, बूट, कूस बदलणं हे त्यात धरलेलं नसतं. साधी झोपायची मॅट साधारण ५१ सेंटीमीटर रुंद असते. दोन मिळून १०२. दोघांच्या तंबूची रुंदी बहुतेक वेळा १२५ ते १३० असते. म्हणजे उरली वीतभर जागा. त्यातही वजन वाचवायला काही तंबू पायाकडे निमुळते होत १०५-११० वर येतात. डोक्याकडची रुंदी ठळक छापलेली असते, पायाकडची शोधावी लागते. ती विचारा.

घरी एक प्रयोग करा, फुकट आहे. हॉलमध्ये फरशीवर रांगोळीने किंवा खडूने तंबूच्या मापाची चौकट आखा. मॅट अंथरा, सोबत येणाऱ्याला बोलवा, दोन्ही सॅक आत ठेवा आणि पाच मिनिटं पडून राहा. गुडघे दुमडून कूस बदला. नवराबायको असाल तर १३० मध्ये भागेल. दोन मित्र असाल, त्यातला एक घोरणारा, तर तीन माणसांचा तंबू बघा. त्याची रुंदी १७० ते १८० असते आणि त्याच जातीच्या दोघांच्या तंबूपेक्षा वजन साधारण अर्धा किलो जास्त भरतं. दोघांनी वाटून घेतलं तर प्रत्येकाच्या पाठीवर पाव किलो. मला विचाराल तर ऐसपैस झोपेचा सगळ्यात स्वस्त मार्ग हाच.

लांबीकडे कुणी बघत नाही आणि तिथेच फसतात. पावणेसहा फुटांचा माणूस म्हणजे १७५ सेंटीमीटर. तंबू २०५ चा असला तर कागदावर पुरतो. पण डोक्याकडची आणि पायाकडची भिंत आत कललेली असते आणि स्लीपिंग बॅगही फुगलेली असते, तेव्हा पाय कापडाला टेकतात. पहाटे त्या कापडावर आतून दव धरलेलं असतं आणि बॅगेचं टोक ओलं होतं. २१५ च्या खाली जाऊ नका. सहा फुटी माणसाने २२५ शोधावा.

आता उंची. १०५, ११० असा जो आकडा दिसतो तो सगळ्यात उंच बिंदूचा, आणि तो बिंदू बरोबर मध्यभागी असतो. तिथे कुणीच बसत नाही! दोघं असले की एक डावीकडे, एक उजवीकडे. मांडी घालून बसल्यावर पावणेसहा फुटी माणसाचं डोकं जमिनीपासून सुमारे ९० सेंटीमीटरवर येतं. तेव्हा दुकानात तंबू उभा असेल तर मध्ये शिरून "वा" म्हणू नका. आपल्या झोपायच्या जागेवर बसा आणि जर्किन घालून बघा. डोकं किंवा खांदे कापडाला घासले तर तो तंबू बाहेरून कितीही मोठा दिसो, आतून लहानच.

भिंती सरळ ठेवायचं काम काठ्यांचं. दोन लांब काठ्या एकमेकींवर फुलीसारख्या गेल्या की साधा घुमट होतो. वाऱ्याला चांगला, पण भिंती लगेच कलतात. काही तंबूंत माथ्यावर आडवी एक छोटी तिसरी काठी असते. ती दोन्ही दारांच्या वरचं कापड बाहेर ताणून धरते आणि खांद्याजवळची जागा एकदम वाढते. माथा दहा सेंटीमीटर उंच असण्यापेक्षा ही हातभर काठी जास्त कामाची.

दारं दोन असावीत. पहाटे तीनला बाहेर जाणाऱ्याने दुसऱ्याच्या पोटावरून जायचं, हे एका रात्रीपुरतं विनोदी असतं. दोन दारं म्हणजे दोन ओसऱ्याही. बाहेरचं कापड दारापुढे खेचल्यावर जी आडोशाची जागा होते ती. तिथे सॅक मावते का ते बघा. बूट मात्र पिशवीत घालून आतच घ्या, सह्याद्रीत विंचू आहेत. आणि ओसरीत स्टोव्ह पेटवू नका. एक तर कापड पेटतं, दुसरं म्हणजे बंदिस्त जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याला वास नसतो.

पटकन लागणारा म्हणजे काय

हवेत भिरकावला की आपोआप उघडतो, असा थाळीसारखा गोल तंबू बाजारात मिळतो. गाडीजवळ लावायचा असेल तर खुशाल घ्या. पण ती गोल पिशवी सॅकच्या दोन्ही बाजूंनी बाहेर येते, घाटवाटेच्या कारवीत अडकते आणि कातळटप्प्यावर मागे ओढते. परत घडी घालतानाचा तमाशा वेगळा.

पाठीवर न्यायच्या तंबूत पटकन लागणं दोन गोष्टींवर ठरतं. पहिली, मेखा न ठोकता तो उभा राहतो का? आपल्याकडे हा प्रश्न सगळ्यात मोठा. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याजवळ जा किंवा कुठल्याही पठारावर, दोन बोटं मातीखाली काळा बेसाल्ट. कोकणात उतरलात तर सड्यावर जांभा. मेख शिरतच नाही, वाकते. बोगद्यासारखे लांबट तंबू वजनाच्या मानाने फार ऐसपैस असतात, पण दोन्ही टोकांना मेखा बसल्याशिवाय उभे राहत नाहीत. चालायच्या काठ्यांवर उभारायचे तंबू किलोच्या आसपास येतात, तेही सगळे मेखांच्या ताणावर. मऊ गवताच्या देशात उत्तम. आपल्या कातळावर पहिला तंबू म्हणून फुलीच्या काठ्यांचा, स्वतःच्या पायावर उभा राहणारा घ्या. तो उभा राहिला की उचलून हलवताही येतो, पाठीखाली दगड लागला तर.

स्वतःच्या पायावर उभा असला तरी मोकळा सोडू नका. रिकामा तंबू वाऱ्यावर उडतो, आणि कोकणकड्यावर वारा कड्याखालून वर येतो. मेख जात नसेल तर दोरीचा सैल फास एका लांबट दगडाला घाला, तो जमिनीवर ठेवा आणि त्याच्यापुढे, तंबूच्या बाजूला, मोठा धोंडा टेकवा. ताण आला की छोटा दगड मोठ्यावर अडतो. दोरी थेट धारदार दगडावर घासू देऊ नका, रात्रभरात कापली जाते. त्यासाठी तंबूबरोबर येणाऱ्या दोऱ्या आखूड पडतात. तीन मिलिमीटरची आठ-दहा मीटर जादा दोरी ठेवा.

दुसरी गोष्ट, अंधारात गोंधळ होतो का? काठीची टोकं आणि त्यांच्या कड्या एकाच रंगाच्या असतील तर विचार करावा लागत नाही. काठ्यांना कापड अडकवायच्या दोन तऱ्हा: आकडे किंवा कापडी नळी. आकडे पटापट लागतात आणि आतल्या-बाहेरच्या कापडात हवा खेळते. नळीत ताण सारखा वाटला जातो, म्हणून वाऱ्यात ती बरी, पण काठी ढकलत न्यावी लागते. ओढायची नाही! ओढली की आतलं इलॅस्टिक ताणतं, काठीचे सांधे नळीच्या आतच सुटतात आणि मग चिडाचिड. नळी एका टोकाला बंद असेल तर एकटा माणूस एकाच बाजूने काठ्या सारू शकतो. ही बारीक सोय मला फार आवडते.

दुकानदाराला तंबू लावून दाखवायला सांगू नका. तुम्ही लावा, त्याला बघू दे. कागद न वाचता पंधरा मिनिटांत उभा राहिला तर सरावाने पाच-सात मिनिटांवर येईल.

पाऊस, दव, उकाडा

बहुतेक घुमटी तंबूंत आधी आतला जाळीचा भाग लागतो, मग वरून पावसाचं कापड. लावतानाच सर आली तर आतला भाग भिजतो आणि रात्रभर ओल्या जमिनीवर झोपा. काही तंबूंत बाहेरचं कापड आधी लागतं, किंवा दोन्ही एकत्र जोडलेलेच राहतात. मे अखेरीला काजवे बघायला भंडारदऱ्याकडे जाणाऱ्यांनी, किंवा ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात निघणाऱ्यांनी, हे नक्की तपासावं. भर जुलैत उघड्या माचीवर तंबू ठोकायच्या मात्र मी विरुद्ध आहे. पायथ्याच्या गावात घर मिळतं, पिठलं-भाकरी मिळते, तिथे झोपा.

कापडावर २०००, ३००० मिलिमीटर असे आकडे असतात. तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ कापड थोपवतं, असा त्यांचा अर्थ. वरच्या कापडाला १५०० ते २००० पुष्कळ. तळाला ३००० तरी हवं, कारण ओल्या जमिनीवर गुडघा टेकला की पाणी दाबाने वर येतं. पण माझ्याकडे येणारे गळके तंबू कापडातून क्वचितच गळतात. गळतात ते शिवणीतून. कापड उलटं करून शिवणींवर आतून चिकटवलेली पारदर्शक पट्टी सलग आहे का ते बघा, विशेषतः कोपऱ्यांत. नायलॉन भिजलं की सैल पडतं, झोपायच्या आधी दोऱ्या पुन्हा ताणाव्या लागतात. पॉलिस्टर एवढं सैलावत नाही.

एकेरी कापडाचा स्वस्त तंबू घेऊ नका. दोन माणसांच्या श्वासाची वाफ थंड कापडावर जमते आणि पहाटे अंगावर ठिबकते; मग तंबू गळतो म्हणून माझ्याकडे येतात. गळत काही नसतं. दोन थर, मध्ये हातभर नाही तरी चार बोटांचं अंतर, आणि वरच्या कापडाला माथ्याजवळ झरोका, एवढं असलं की त्रास पुष्कळ कमी होतो. आतला भाग पूर्ण जाळीचा असला तर मार्च-एप्रिलमध्ये झोप लागते, पण जानेवारीत कळसूबाईच्या बाजूला वाऱ्याबरोबर धूळही आत येते. एकच घ्यायचा असेल तर खाली कापड, वर जाळी असा अर्धा-अर्धा घ्या. बर्फासाठी बनवलेला जाड तंबू इथे उगाच ओझं.

काय मोडतं

सगळ्यात आधी चेनचा रनर. बारीक दातांची चेन धुळीत लवकर जाते. दुकानात दार एका हाताने दहा वेळा उघडा-मिटवा, वळणावर कापड अडकतं का बघा. तिथे कापड अडकलं तर गडावर रोज अडकणार.

मग काठ्या. फायबरच्या काठ्या स्वस्त, जड, आणि मोडतात तेव्हा उभ्या चिरतात. त्यांची कुसळं बोटात जातात. अॅल्युमिनियमची काठी आधी वाकते, म्हणजे निदान वेळ देते. शिवाय हलकी. पैसे जास्त घालायचे असतील तर कापडाच्या नावाआधी काठ्यांत घाला. दोन्ही प्रकारांत काठीवर सैल बसेल अशी वीतभर अॅल्युमिनियमची नळी आणि थोडी चिकटपट्टी सोबत असू द्या. मोडलेल्या जागेवर नळी सरकवली, दोन्ही टोकांना पट्टी गुंडाळली की रात्र निघते. काठ्या दुमडताना मधल्या सांध्यापासून सुरुवात करा, इलॅस्टिकवर ताण सारखा येतो.

तळाला भोकं पडतात म्हणून खाली काहीतरी अंथरा. फुकट मिळतो म्हणून मुलं वाढदिवसाच्या शुभेच्छांचा जुना फ्लेक्स आणतात, साहेबांच्या फोटोसकट. टिकतो छान, पण तंबूच्या मापाचा तुकडा पाऊण ते एक किलो भरतो. पातळ प्लॅस्टिक पुरतं. मात्र तळापेक्षा चारही बाजूंनी चार बोटं लहान कापा. बाहेर डोकावलं तर भिंतीवरून ओघळणारं पाणी त्यावर साचतं आणि थेट तुमच्या पाठीखाली येतं.

ज्याला माझ्याकडे इलाज नाही असं एकच दुखणं: चिकट झालेला तंबू. कापडाच्या आतल्या बाजूला पॉलियुरेथेनचा जो थर असतो तो दमट हवेत हळूहळू विघटित होतो, मग कापड हाताला चिकटतं आणि आंबूस वास येतो. मुंबई-कोकणातल्या कपाटांतून आलेले असे तंबू मी हात न लावता परत देते. जुना वापरलेला तंबू स्वस्तात मिळत असेल तर पैसे द्यायच्या आधी पूर्ण उघडा, तळाला नाक लावा, कापड स्वतःवरच दाबून सोडवून बघा. चरचर आवाज करत सुटलं तर नमस्कार करून निघा.

नवा घेतलात तर ट्रेकहून आल्यावर गॅलरीत सावलीत दोन दिवस वाळवा, उन्हात नको, उन्हाने कापड कुजतं. पुन्हा त्याच घट्ट पिशवीत कोंबू नका. जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात सैल भरून वरच्या फळीवर ठेवा. मेखा वेगळ्या पिशवीत, टोकं कापडाला लागणार नाहीत अशा. आणि बिल जपून ठेवा: काठीचा एक तुकडा सुटा मिळतो का, हे घेतानाच विचारून त्या बिलावर लिहून घ्या.