मांडव्याच्या बोटीत डॉल्फिन दिसायचे असतील तर उजवी बाजू धरा

गेटवेहून मांडव्याला जाताना कुणीतरी "तो बघा डॉल्फिन!" ओरडतं, आणि आपण मान वळवेपर्यंत पाणी सपाट झालेलं असतं. बऱ्याचदा चूक बसायच्या जागेची असते.

१. हिवाळ्यातली सकाळची पहिली बोट घ्या. वारा पडलेला असतो, लाटा कमी, त्यामुळे पाठीवरचा पर लगेच उठून दिसतो.

२. वरच्या डेकवर उजव्या कठड्याशी बसा. बोट साधारण दक्षिणेला जाते, ऊन डावीकडून येतं, म्हणून उजवीकडचं पाणी चमकत नाही. संध्याकाळी परततानाही उजवीच बाजू! तेव्हा सूर्य पश्चिमेला, म्हणजे पुन्हा डावीकडेच असतो. हे कळल्यापासून मी जागा बदललेली नाही.

३. एकाच ठिकाणी टक लावू नका, नजर सावकाश फिरवत ठेवा. दिसला की घड्याळाच्या काट्याने सांगा: बोटीचं नाक म्हणजे बारा, उजवा कठडा म्हणजे तीन. "दोन वाजता!" म्हटलं की मुलांनाही लगेच सापडतो.

मोबाइलवर फोटोपेक्षा व्हिडिओ चालू ठेवा.

डॉल्फिन दिसला म्हणून सगळे एका कठड्यावर गर्दी करू नका, बोट कलते. खासगी बोट असेल तर तांडेलाला पाठलाग करायला मुळीच सांगू नका.