फाइल आहे, पण सर्चला सापडत नाही? रिबिल्ड दाबायच्या आधी हे बघा

परवा बाबांचा फोन, "अरे ते सोसायटीचं मिनिट्स उडालं बहुतेक, कॉम्प्युटर म्हणतोय नाहीच." उडालं वगैरे काही नव्हतं, डी ड्राइव्हला होतं, मीच ठेवलेलं. फक्त विंडोजच्या सर्चला त्याचा पत्ता नव्हता. आणि असं झालं की नेटवर जो तो एकच सांगतो, इंडेक्स (म्हणजे सर्चची फाइलींची यादी) रिबिल्ड करा. अहो पण फाइल यादीतच नसेल तर यादी दहा वेळा नव्याने लिहून काय मिळणार?

विंडोज सर्च करताना दरवेळी अख्खी डिस्क चाळत बसत नाही. आधीच बनवून ठेवलेल्या यादीत बघतं, त्या यादीला इंडेक्स म्हणायचं. म्हणून पहिला प्रश्न हाच की आपली फाइल त्या यादीत आहे का. कंट्रोल पॅनल उघडा (सर्चच रुसलं असेल तर विंडोजची की आणि आर एकदम दाबा, कंट्रोल असं इंग्रजीत टाइप करा, एंटर), वर उजवीकडे आयकॉन व्ह्यू करा आणि 'इंडेक्सिंग ऑप्शन्स' शोधा. तिथे वरच किती आयटम झाले तो आकडा दिसतो आणि काम पूर्ण झालंय का तेही. आकडा वाढत असेल तर गप्प बसा, काम चालू आहे. युजर अ‍ॅक्टिव्हिटीमुळे स्पीड कमी केलाय असा मेसेज असेल तर तो बिघाड नाही, तुम्ही मशीन वापरताय म्हणून ते बाजूला झालंय एवढंच. लॅपटॉप चार्जरला लावा, माउस सोडा, चहा घेऊन या.

आता खाली फोल्डरांची लिस्ट असते ती नीट वाचा. विंडोज १० आणि ११ मध्ये 'क्लासिक' मोड असला तर डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक आणि डेस्कटॉप, साधारण एवढंच यादीत जातं. आपण मात्र सी ड्राइव्ह फॉरमॅट झाला तर काय म्हणून सगळं महत्त्वाचं डी वर टाकतो! मग स्टार्टमधून काही सापडत नाही, आणि फोल्डर उघडून तिथे सर्च केलं की वरच्या बाजूला ती हिरवी पट्टी रांगत रांगत पुढे जाते आणि फाइल नावावरून कशीबशी सापडते, आतल्या मजकुरावरून नाहीच. बाबांचं हेच झालेलं. 'मॉडिफाय' दाबून तो फोल्डर टिक केला, विषय संपला. अख्खा ड्राइव्ह मात्र टिक करू नका, नाहीतर सॉफ्टवेअरचा कचरा पण यादीत येतो, आणि आयटम ४ लाखांच्या वर गेले की सर्च जड व्हायला लागू शकतं. 'एन्हान्स्ड' मोडचंही तेच, तो सगळा पीसी धरतो.

फोल्डर यादीत आहे, नावाने फाइल येते, पण आतल्या शब्दाने येत नाही? 'अ‍ॅडव्हान्स्ड' मध्ये 'फाइल टाइप्स' टॅब आहे, तिथे तुमच्या फाइलचा प्रकार (पीडीएफ वगैरे) निवडा आणि खाली कंटेंट्सवाला पर्याय आहे का बघा, नुसता प्रॉपर्टीजवाला असेल तर आतलं वाचलंच जात नाही. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये, अ‍ॅडव्हान्स्ड बटणामागेही कंटेंट इंडेक्स करू द्यायची एक टिक असते, ती कोणीतरी काढलेली असू शकते.

आणि आता आपल्या मराठी माणसांची खास भानगड. जुन्या फाइली युनिकोडच्या (म्हणजे हल्ली सगळीकडे चालणाऱ्या देवनागरी टायपिंगच्या) आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात, श्रीलिपी म्हणा, कृतिदेव म्हणा. स्क्रीनवर 'सभा' दिसतं पण फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, त्यामुळे तुम्ही देवनागरीत 'सभा' टाकून कितीही शोधा, सापडणार नाही. खात्री करायची तर दोन ओळी कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा, अगम्य काहीतरी उमटलं की समजा. मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोड करता येतो पण जोडाक्षरं तपासत बसावं लागतं, मी तर फाइलींची नावंच बदलली, '२०१२ वार्षिक सभा इतिवृत्त' वगैरे. स्कॅन केलेल्या पीडीएफचं तसंच, तो फोटो असतो, माउसने अक्षर सिलेक्ट होत नसेल तर ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून त्याचा मजकूर बनवणं, करावं लागेल. गुगल ड्राइव्हवर टाकून गुगल डॉक्समध्ये उघडलं की मराठीही बऱ्यापैकी ओळखतं, फक्त एकदा डोळ्याखालून घाला.

सगळंच ठप्प असेल, काहीच सापडत नसेल, तर सर्चची सर्व्हिस, म्हणजे मागे सतत चालणारा तो प्रोग्राम, बघा. विंडोज की आणि आर, सर्व्हिसेस डॉट एमएससी (अर्थात इंग्रजीत), यादीत 'विंडोज सर्च'. ती रनिंग हवी आणि स्टार्टअप टाइप ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्टवाला. माझ्या एका लॅपटॉपवर ती चक्क डिसेबल्ड होती, एका रिपेअरवाल्याने 'फास्ट करून देतो' म्हणून पैसे घेऊन हेच केलेलं. फास्ट झाला म्हणे!

एवढं सगळं बघूनही नाही जमलं तरच रिबिल्ड. इंडेक्सिंग ऑप्शन्सच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' मध्येच बटण आहे. तुमच्या फाइली जात नाहीत, फक्त यादी पुसून नव्याने लिहिली जाते, आयटमचा आकडा खाली येऊन परत चढायला लागतो. फाइली जास्त असतील तर तास न् तास लागतात आणि तोवर सर्च अर्धवटच चालतं, म्हणून रात्री लावा, चार्जर जोडा आणि स्लीप बंद करा. मी पहिल्यांदा स्लीप बंद करायला विसरलो, सकाळी बघतो तर आकडा रात्री होता तिथेच.

तोपर्यंत घाईची फाइल हवी असेल तर 'एव्हरीथिंग' नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका. ते एनटीएफएस (विंडोजच्या ड्राइव्हचा नेहमीचा फॉरमॅट) ड्राइव्हची फाइलींची मूळ नोंदच वाचतं, विंडोजच्या इंडेक्सवर अवलंबून नाही, नाव टाइप करता करता फाइल समोर. बाबांच्या डेस्कटॉपवर ते कायमचं ठेवलंय.