विंडोजच्या शेजारी उबुंटू बसवताना या चुका टाळा

उबुंटू या लिनक्सवर आधारलेल्या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमच्या २४.०४ आवृत्तीचा इन्स्टॉलर (ती लॅपटॉपवर बसवणारा प्रोग्राम) भाषा, कीबोर्ड, वाय-फाय, डिस्क, पासवर्ड आणि टाइमझोन यांविषयीचे सगळे प्रश्न एकाच धाटणीच्या पडद्यांवर आणि त्याच ‘नेक्स्ट’ बटणासह विचारतो, त्यामुळे नवख्या माणसाला त्या सर्वांचे महत्त्व सारखेच वाटते. प्रत्यक्षात टाइमझोन चुकला तर तो नंतर सेटिंग्जमधून मिनिटभरात बदलता येतो, पण डिस्कच्या पडद्यावर चुकीचा पर्याय निवडला गेला तर घरातले सगळे फोटो त्या एका क्लिकमध्ये जाऊ शकतात. विंडोज ११ असलेल्या लॅपटॉपवर विंडोज शाबूत ठेवून उबुंटू घालू पाहणाऱ्यांच्या बहुतेक अडचणी परत न फिरवता येणाऱ्या अशा मोजक्या प्रश्नांपाशीच सुरू होतात.

उबुंटूचा पेन ड्राइव्ह लावण्याआधी

सर्वांत महागात पडणारी चूक इन्स्टॉलर सुरू होण्यापूर्वीच घडलेली असते. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून, नव्याने बसवलेल्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केले की डिस्कचे एन्क्रिप्शन (बिटलॉकर, म्हणजे चावीशिवाय फायली वाचता येऊ नयेत यासाठीची कुलूपबंदी) बहुतेक लॅपटॉपांवर आपोआप सुरू होते, आणि ते सुरू असल्याचे अनेकांच्या गावीही नसते. असा लॅपटॉप असेल तर उबुंटूचा इन्स्टॉलर विंडोजचे पार्टिशन (डिस्कचा विंडोजने व्यापलेला भाग) लहान करू शकत नाही. तो बिटलॉकर बंद करण्यास सांगून थांबतो. इथे वैतागून बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये) जाऊन सिक्युअर बूट (सुरू होताना केवळ विश्वासार्ह सॉफ्टवेअरच चालू देणारे संरक्षण) बंद करणे हा उपाय नाही, कारण त्या बदलानंतर विंडोज सुरू होताना ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते आणि ती हाताशी नसेल तर स्वतःच्याच फायली स्वतःला मिळत नाहीत. म्हणून आधी मायक्रोसॉफ्ट खात्यातून ती की कागदावर उतरवून घ्यावी, महत्त्वाच्या फायलींचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्यावा, मग विंडोजच्या सेटिंग्जमधून एन्क्रिप्शन बंद करावे आणि ते पूर्ण उतरेपर्यंत थांबावे.

त्याच बैठकीत आणखी दोन कामे उरकावीत. विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे, कारण ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होतच नाही आणि उबुंटूला ते पार्टिशन केवळ वाचण्यापुरते उघडता येते. शिवाय पार्टिशन लहान करण्याचे काम विंडोजच्याच ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून करून किमान ५० जीबी जागा मोकळी, म्हणजे कोणतेही पार्टिशन न बनवता, सोडावी. उबुंटूची अधिकृत शिफारस २५ जीबीची आहे, पण तेवढ्यात रोजचे काम फार दिवस चालत नाही.

चुकीच्या मार्गाने झालेला बूट

जुन्या पद्धतीचे बूटही चालवणाऱ्या लॅपटॉपांच्या बूट मेनूमध्ये (कशावरून सुरू व्हायचे ते विचारणाऱ्या यादीत) एकच पेन ड्राइव्ह दोनदा दिसू शकतो, एकदा नुसत्या नावाने आणि एकदा ‘यूईएफआय’ या शब्दासह. विंडोज ११ यूईएफआय या, लॅपटॉप सुरू करण्याच्या नव्या पद्धतीने बसवलेले असते, त्यामुळे उबुंटूही त्याच दाराने आत आले पाहिजे. नुसत्या नावाचा पर्याय निवडून जुन्या पद्धतीने उबुंटू बसवले तर इन्स्टॉलेशन तक्रारीविना पूर्ण होऊ शकते, पण सुरुवातीच्या मेनूमधून विंडोज उघडता येत नाही, आणि ते पुसले गेले अशी समजूत होऊन माणूस घाबरून पुढच्या चुका करतो.

काही लॅपटॉपांत याच टप्प्यावर आतली डिस्क दिसतच नाही. इंटेलचे आरएसटी (डिस्क हाताळण्याची इंटेलची खास पद्धत) चालू असणे हे त्याचे नेहमीचे कारण असते आणि बायोसमध्ये ते बदलून ‘एएचसीआय’ ही सर्वसाधारण पद्धत निवडावी लागते. तो बदल थेट केला तर विंडोज निळ्या पडद्यावर अडकते. त्यामुळे आधी विंडोजच्या ‘सिस्टिम कॉन्फिगरेशन’मधून पुढचे बूट सेफ मोडमध्ये होईल असे ठरवावे, मग बायोसमधील सेटिंग बदलावे, एकदा सेफ मोडमध्ये विंडोज उघडू द्यावे आणि सेफ मोडची ती खूण काढून टाकावी.

डिस्कचा पडदा

इन्स्टॉलेशनच्या ‘इंटरॅक्टिव्ह’ आणि ‘ऑटोमेटेड’ अशा दोन पर्यायांपैकी दुसरा सोपा असेल असे नाव वाचून वाटते, पण तो आधी तयार केलेली उत्तरांची फाइल असलेल्या जाणकारांसाठी आहे. घरच्या वापरासाठी पहिलाच घ्यावा. ‘इरेज डिस्क’ या पर्यायात पार्टिशन नव्हे तर अख्खी डिस्क पुसली जाते, हे मात्र त्या पडद्यावर पुरेशा ठळकपणे जाणवत नाही, अशी माझी या इन्स्टॉलरविषयी खरी तक्रार आहे. ‘विंडोज बूट मॅनेजरच्या शेजारी’ हा पर्याय दिसत असेल तर तोच घ्यावा. दिसत नसेल तर ‘मॅन्युअल’ निवडून केवळ मोकळ्या जागेवर एक्स्ट४ (लिनक्सची फायली ठेवण्याची पद्धत) प्रकारचे पार्टिशन बनवावे आणि त्याचे माउंट पॉइंट (ते कुठे जोडायचे तो पत्ता) म्हणून नुसती तिरकी रेघ (/) द्यावी. आधीपासून असलेले लहानसे ईएफआय पार्टिशन वापरावे, पण ते फॉरमॅट करू नये, कारण विंडोजचे बूट त्यातच राहते. बूटलोडरसाठी (उबुंटू सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामसाठी) निवडलेले उपकरण लॅपटॉपची डिस्क आहे की पेन ड्राइव्ह, हेही तपासावे. ते चुकले तर पेन ड्राइव्ह काढताच उबुंटू सुरू होणे बंद होते. वेगळे स्वॅप (मेमरी अपुरी पडल्यास वापरायची डिस्कवरची जागा) पार्टिशन बनवण्याचा जुन्या मार्गदर्शिकांमधील सल्ला आता सोडून द्यावा, कारण उबुंटू स्वतःच स्वॅपची फाइल तयार करते.

कीबोर्ड आणि पासवर्ड

स्पेलिंग ब्रिटिश हवे म्हणून आपल्याकडे अनेकजण कीबोर्डही ‘इंग्लिश (यूके)’ निवडतात. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक लॅपटॉपांच्या कळा मात्र अमेरिकी मांडणीच्या असतात आणि यूके मांडणीत ‘@’ व दुहेरी अवतरणचिन्ह यांच्या जागा अदलाबदल होतात. पासवर्ड ठिपक्यांमध्ये लपलेला असल्याने ही चूक त्या वेळी लक्षात येत नाही. पुढे कधीतरी मांडणी दुरुस्त केली की ‘@’ असलेला पासवर्ड अचानक चुकीचा ठरतो. मराठीत लिहायचे असेल तरी इन्स्टॉलरमध्ये ‘इंग्लिश (यूएस)’ ठेवावे आणि मराठी इनस्क्रिप्ट नंतर सेटिंग्जमधून दुसरी मांडणी म्हणून जोडावी.

रीस्टार्टनंतरचा निळा पडदा

ग्राफिक्स व वाय-फायसाठी तिसऱ्या पक्षाचे सॉफ्टवेअर घेण्याच्या चौकटीत खूण केली आणि सिक्युअर बूट चालू असेल, तर इन्स्टॉलर एक वेगळा पासवर्ड ठरवायला सांगू शकतो. तो लॉग-इनचा नसून ड्रायव्हरच्या चावीची नोंदणी करण्यासाठी एकदाच लागणारा असतो. पुढच्या रीस्टार्टमध्ये निळा पडदा आला की ‘कंटिन्यू बूट’ न दाबता ‘एनरोल मोक’ निवडून तो पासवर्ड द्यावा. घाईत ‘कंटिन्यू’ दाबले गेले तर एनव्हिडियासारखे ड्रायव्हर चालू होत नाहीत आणि दोष हार्डवेअरचा वाटतो. तशा वेळी टर्मिनलमधून नोंदणीची विनंती पुन्हा करून रीस्टार्ट करता येते.

लिबरऑफिस (लेखन आणि तक्त्यांचे सॉफ्टवेअर) सापडले नाही म्हणून पुन्हा इन्स्टॉल करण्याची गरज नाही. इन्स्टॉलरच्या ‘डिफॉल्ट सिलेक्शन’ या पर्यायामध्ये ते नसतेच आणि अ‍ॅप सेंटरमधून नंतर घेता येते. विंडोज उघडल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसले तर तेही बिघडलेले नसते. मदरबोर्डवरील घड्याळ उबुंटू यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेमध्ये ठेवते आणि विंडोज त्याच आकड्याला स्थानिक वेळ समजते. विंडोजमधील वेळ हाताने दुरुस्त करत बसण्यापेक्षा उबुंटूच्या ‘टाइमडेटसीटीएल’ या आज्ञेने ते घड्याळ स्थानिक वेळेवर आणावे आणि मग विंडोजमध्ये एकदा इंटरनेटवरून वेळ जुळवून घ्यावी.