घरच्या घरी पद्मिनी दुरुस्त करताना या चुका टाळा

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून १९६४ साली 'फियाट ११०० डिलाइट' या नावाने आलेली आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' म्हणून घरोघरी पोहोचलेली ही गाडी बनणे २००० सालाच्या सुमारास थांबले. त्यानंतरही ती बरीच वर्षे विनासायास सांभाळता आली, याचे श्रेय मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींना द्यायला हवे. टॅक्सी धावत होत्या तोवर सुट्या भागांना गिऱ्हाईक होते आणि इंजिनाचा आवाज ऐकूनच दुखणे टॅपेटचे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचे) की टायमिंगचे (ठिणगी पडण्याच्या वेळेचे) हे सांगणारा मेकॅनिक टॅक्सी स्टँडच्या आसपास हमखास सापडत असे. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईतील पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे बंद झाली. ज्यांच्या दारात आज खासगी पद्मिनी उभी आहे, त्यांना आता बरीचशी कामे स्वतःच शिकून घ्यावी लागत आहेत.

ती शिकणे अवघडही नाही. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, पेट्रोल आणि हवा मिसळणारा एक कार्बोरेटर, प्लगांना ठिणगीचा प्रवाह वाटणारा एक डिस्ट्रिब्युटर आणि मूठभर वायरिंग एवढाच हा पसारा आहे. मात्र स्कॅनर लावून दोषाचा क्रमांक वाचण्याची सोय इथे नसल्यामुळे सगळी भिस्त तपासणीच्या क्रमावर असते आणि घरगुती दुरुस्ती फसते ती नेमकी याच ठिकाणी. दोष सापडण्याआधीच भाग बदलला जातो, त्याच वेळी आणखी एखादा स्क्रू फिरवला जातो, आणि मग गाडी सुधारली किंवा बिघडली तर ती कशामुळे, हे सांगता येत नाही. एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहून ठेवावा, ही शिस्त कोणत्याही महागड्या हत्यारापेक्षा अधिक उपयोगी पडते.

सुरुवात कार्बोरेटरपासून करणे

गाडी मिसिंग करू लागली, पिकअप कमी झाला किंवा आयडलिंगला बंद पडू लागली, की हात सर्वप्रथम कार्बोरेटरकडे जातो. त्याचे स्क्रू बॉनेट उघडताच समोर दिसतात आणि फिरवायला सोपे असतात, यापलीकडे त्याला कारण नाही. वास्तविक टॅपेट, प्लग, पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधील उघडझाप करणारे संपर्क), टायमिंग आणि सर्वांत शेवटी कार्बोरेटर हा क्रम आहे, कारण आधीच्या चार गोष्टींतील प्रत्येक दोष कार्बोरेटरच्या दोषाचे सोंग घेऊ शकतो. टायमिंग मागे पडलेल्या इंजिनावर मिक्श्चर 'जुळवले', तर ते चुकीच्या टायमिंगशी जुळते आणि पुढे टायमिंग नीट केल्यावर गाडी पूर्वीपेक्षाही वाईट चालते.

पॉइंटचे काम किरकोळ वाटते, पण सर्वाधिक चुका तिथेच होतात. बराच काळ वापरलेल्या पॉइंटच्या एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेंगूळ तयार झालेले असते. फट मोजण्याच्या फिलर गेजची सपाट पट्टी त्या टेंगळाला टेकते आणि गॅप प्रत्यक्षात मोठा असूनही मोजमाप बरोबर असल्याचा भास होतो. अशा वेळी पॉइंट बदलावेत, किंवा पॉइंट किती काळ मिटलेले राहतात हे मोजणारे ड्वेल मीटर उपलब्ध असल्यास त्यावर भरवसा ठेवावा. गॅप साधारण ०.४ मिमीच्या आसपास असतो, परंतु नेमका आकडा आपल्या गाडीला बसवलेल्या डिस्ट्रिब्युटरच्या मॅन्युअलमधून घ्यावा आणि कॅमचे टोक फायबरच्या टाचेला टेकून पॉइंट पूर्ण उघडलेले असतानाच तो मोजावा. नव्या पॉइंटच्या तोंडावर बहुधा संरक्षक तेलाचा पातळ थर असतो. तो पुसला नाही, तर सगळे नवीन असूनही गाडी सुरू होत नाही आणि संशय विनाकारण ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलवर जातो. कोऱ्या जाड कागदाची पट्टी मिटलेल्या पॉइंटमधून एकदा ओढली, की काम होते. कॅमला ग्रीसचे बोट लावणे पुष्कळ जण विसरतात. मग फायबरची टाच झिजते, गॅप कमी होतो आणि काही आठवड्यांत तीच तक्रार परत येते. आणखी एक गोष्ट लक्षात असावी. पॉइंटचा गॅप बदलला की टायमिंगही बदलते, त्यामुळे पॉइंट बसवून टायमिंग न तपासणे म्हणजे काम अर्धवट सोडणे होय.

पॉइंटवरची ठिणगी आवरणाऱ्या कंडेन्सरच्या बाबतीत माझे मत थोडे हट्टी आहे. चालू असलेला जुना कंडेन्सर पॉइंटसोबत 'सेट' म्हणून बदलून टाकू नये, कारण हल्ली मिळणाऱ्या स्वस्त मालाची खात्री देता येत नाही. पॉइंटवर मोठ्या, पिवळसर ठिणग्या दिसू लागल्या किंवा पॉइंट फार लवकर जळू लागले, तरच तो बदलावा, आणि काढलेला जुना भाग नवा पुरता पारखून होईपर्यंत फेकू नये.

तापल्यावर बंद पडणारी गाडी

एप्रिल-मे महिन्यांत घाट चढून वर आल्यावर गाडी बंद पडते, तासाभराने काहीच झाले नसल्यासारखी सुरू होते, आणि मालक ठामपणे सांगतो की पंप तापला. पंपात किंवा पाइपात पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटतो हे खरे आहे. पण तापल्यावर दगा देणारी कॉइल आणि कंडेन्सर हुबेहूब हीच लक्षणे दाखवतात. त्यामुळे ओला फडका पंपावर टाकून समाधान मानण्याऐवजी, गाडी बंद पडलेली असतानाच दोन गोष्टी तपासाव्यात. डिस्ट्रिब्युटरच्या टोपणातून कॉइलची मधली वायर काढावी, इन्सुलेशन असलेल्या पकडीने तिचे टोक इंजिनाच्या धातूपासून पाच-सहा मिलिमीटर अंतरावर धरावे, आणि दुसऱ्या व्यक्तीस सेल्फ मारण्यास सांगावे. निळसर, कडक आवाजाची ठिणगी पडली तर कॉइल आणि कंडेन्सर बहुधा निर्दोष आहेत. ती पिवळी, मरगळलेली असेल किंवा पडतच नसेल, तर पेट्रोलच्या बाजूला हात लावण्याचे कारण नाही.

ठिणगी चांगली असेल तर कॉइलची प्रायमरी वायर सोडवून ठेवावी, कार्बोरेटरकडे जाणारी नळी एका बाटलीत धरावी आणि सेल्फ मारावा. पंप ठीक असेल तर पेट्रोल ठरावीक ठेक्यात पिचकारीसारखे येते. ठिणगीची तपासणी संपण्याआधी पेट्रोलची नळी उघडू नये, हा क्रम जिवाशी निगडित आहे.

याच पंपाचा आणखी एक दोष हमखास नजरेतून सुटतो. आतील रबरी डायफ्राम फाटला की पेट्रोल थेट इंजिनाच्या तळाशी ऑईल साठते त्या भागात (संपमध्ये) झिरपू शकते. डिपस्टिकवर ऑईलची पातळी कमी होत नाही, उलट किंचित वाढते, आणि इंजिन ऑईल पीत नाही म्हणून मालक खूश होतो. डिपस्टिक नाकाजवळ नेऊन वास घ्यावा. पेट्रोलचा वास आला तर इंजिन सुरू करू नये. आधी पंप दुरुस्त करावा आणि मग संपूर्ण ऑईल बदलावे, कारण पातळ झालेल्या ऑईलवर काही किलोमीटर चालवणेही बेअरिंगना महागात पडते. २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल आता सर्वत्र मिळत असल्यामुळे जुन्या प्रकारच्या रबराची झीज वाढते. म्हणून डायफ्राम, नळ्या आणि कार्बोरेटरमधील सीलसाठी इथेनॉलला टिकणारेच रबर मागावे. दीर्घकाळ उभ्या राहणाऱ्या गाडीत इथेनॉल हवेतील ओलही शोषून घेते. पावसाळाभर गाडी निघणार नसेल तर काही महिने जुने पेट्रोल टाकीत तसेच ठेवण्यात शहाणपण नाही.

कार्बोरेटरपर्यंत आलोच, तर एक चूक निक्षून टाळावी. तळाचे नट गरजेपेक्षा जास्त आवळल्याने फ्लँज (कार्बोरेटरचा तळाचा सपाट काठ) वाकते, तिच्या कडेने हवा शिरते आणि आयडलिंग काही केल्या स्थिर होत नाही. हवा शिरत असल्याचा संशय आल्यास थ्रॉटल शाफ्टच्या टोकाशी इंजिन ऑईलचे दोन थेंब सोडून पाहावेत. आवाज बदलला तर जागा सापडली. वाकलेली फ्लँज काचेच्या तुकड्यावर बारीक एमरी पेपर ठेवून, एकसारख्या दाबाने घासून सपाट करता येते. जाड गॅस्केट घालून ती झाकणे हा उपाय नव्हे.

थर्मोस्टॅट काढून टाकणे आणि नळाचे पाणी

आपल्याकडे थंडी कुठे पडते, या युक्तिवादाने थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी झडप) काढून टाकण्याची जुनी रीत आहे. त्यामुळे इंजिन योग्य तापमानाला यायला वेळ लागतो, चोक अधिक काळ वापरला जातो, सिलिंडरची झीज वाढते आणि गाडी गरम होण्याचे मूळ कारण मात्र तसेच राहते. ते कारण बहुतेकदा क्षारांनी भरलेला रेडिएटर, सैल फॅनबेल्ट, दाब न धरणारी रेडिएटरची टोपी किंवा मागे पडलेले टायमिंग यांपैकी एक असते. पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे आहे. दोन वेगळ्या धातूंच्या या जोडीत बोअरचे जड पाणी घालत राहिल्यास हेडमधील पाण्याचे मार्ग आतून खात जातात. डिस्टिल्ड पाण्यात योग्य प्रमाणात मिसळलेले कूलंट वापरावे. ॲल्युमिनियमचे हेड अति तापल्याने वाकते. म्हणून काटा लाल पट्ट्यात गेल्यावर 'जरा पुढे पेट्रोल पंपापर्यंत' असा विचार करू नये. हेडचे नट नेहमी थंड इंजिनावर, मधून बाहेर या क्रमाने, टप्प्याटप्प्याने आणि जोर मोजून देणाऱ्या टॉर्क पान्याने आवळावेत.

नवी बॅटरी आणून जुना दोष झाकणे

सेल्फ जड फिरतो म्हणून बॅटरी बदलली जाते, काही दिवस बरे जातात आणि नंतर पुन्हा तेच सुरू होते. साध्या मल्टिमीटरने हे टाळता येते. रात्रभर विसावलेल्या चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. त्यानंतर मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरे इंजिनाच्या स्वच्छ धातूवर टेकवून सेल्फ मारावा. मीटरवर ०.३ व्होल्टपेक्षा अधिक आकडा आला, तर दोष बॅटरीत नसून अर्थच्या (बॅटरी आणि गाडीचा धातू जोडणाऱ्या) पट्ट्यात किंवा त्याच्या जोडात आहे. गाडीला नवा रंग दिल्यानंतर अचानक मंद झालेले दिवे, उलटसुलट वागणारे इंडिकेटर आणि काट्यांची थरथर यांचे कारणही बहुधा अर्थच्या नटाखाली गेलेला रंगच असतो. रंगारी आपले काम मनापासून करतो, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. तेवढी जागा खरवडून उघडी करावी.

फ्यूज वारंवार उडत असेल तर त्याजागी जाड तार किंवा सिगारेटच्या पाकिटाची चांदी लावण्याचा मोह आवरावा. चाळीस वर्षांच्या वायरचे इन्सुलेशन तडकलेले असते आणि जवळच पेट्रोलची नळी असते. जास्त वॉटचे हॅलोजन दिवे लावायचे असतील तर स्वतंत्र फ्यूज आणि रिले घालूनच लावावेत. मूळ स्विच तेवढ्या करंटसाठी बनलेला नाही. ज्या गाड्यांना अजून डायनॅमो आहे, त्यांत आयडलिंगला लाल दिवा मिणमिणणे हा दोष नव्हे.

भागांची खरेदी

कुर्ल्याचा सीएसटी रोड, चोर बाजार, पुण्याची नाना पेठ अशा ठिकाणी शोधले तर अजूनही बरेच काही मिळते. धातूचा, न वापरलेला जुना भाग मिळाला तर जरूर घ्यावा. रबराच्या बाबतीत मात्र सीलबंद खोक्याला भुलू नये. तीस वर्षे डबीत पडलेला ब्रेकचा सील कागदोपत्री नवा असला, तरी त्याचे रबर म्हातारेच झालेले असते.

ब्रेक

हे काम हाती घेण्याआधी गाडी जॅकवर सोडून तिच्याखाली जाऊ नये. पक्क्या जमिनीवर जॅक स्टँड लावावेत आणि उरलेल्या चाकांना उटी द्यावी. पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. जुन्या रचनेत एकच हायड्रॉलिक सर्किट असल्यामुळे एका चाकाचा सील फुटला तरी पेडल थेट जमिनीला टेकू शकते. पेडल काय सांगते ते आधी ऐकावे. स्पंजासारखे दबत असेल तर नळीत हवा आहे. पाय ठेवल्यावर हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कुठेही गळती नसेल, तर पेडलच्या दाबाने ब्रेक ऑईल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरचे सील गेलेले आहेत. पहिल्या दाबाला खोल आणि दुसऱ्या दाबाला वर लागत असेल, तर बहुधा ड्रमला घासणारे लायनर जुळवायचे राहिले आहेत. ही तीन लक्षणे वेगळी न करता सरसकट ब्रेक ऑईल बदलत राहण्यात पैसाही जातो आणि धोकाही कायम राहतो.

व्हील सिलिंडरचे भाग पेट्रोलने किंवा रॉकेलने धुणे ही घरगुती दुरुस्तीतील सर्वांत घातक सवय म्हणता येईल. खनिज तेलाच्या संपर्काने ब्रेकचे रबर फुगते, पिस्टन अडकतो आणि चाक जाम होते. धुण्यासाठी स्वच्छ ब्रेक ऑईल किंवा स्पिरिट वापरावे. ड्रममधील भुकटी फुंकर मारून किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये, कारण जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने ती टिपावी आणि फडका पिशवीत बांधून टाकावा. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करावी आणि मास्टर सिलिंडरच्या बाटलीतील ब्रेक ऑईलची पातळी मध्ये कधीही तळाला जाऊ देऊ नये. काम संपल्यावर रिकाम्या गल्लीत बेताच्या वेगाने चार-पाच वेळा ब्रेक लावून पाहावेत, गाडी रात्रभर तशीच उभी ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चारही चाकांच्या आतल्या बाजूने हात फिरवावा. बोटाला ओल लागली, तर त्या दिवशी गाडी बाहेर काढू नये.