ऊसतोडीला निघताना बीपीच्या गोळ्या कशा न्याव्यात

बीड जिल्ह्यात मी आरोग्यसेविका आहे. दसरा झाला की आमच्या गावातले कोयते, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या, ट्रकमध्ये बसतात ते थेट उन्हाळ्यात परततात, आणि बीपीची गोळी सुटते ती याच पाच-सहा महिन्यांत. हृदयविकारानं जगात जेवढे दगावतात, त्यातले चारांत तीनहून जास्त आपल्यासारख्या गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले. परतलेल्यांचं बीपी मोजताना मला त्याचं नवल वाटत नाही.

निघायची तारीख कळली की लगेच उपकेंद्रात या. ट्रक दारात उभा राहिल्यावर नको. बीपी मोजण्याआधी अर्धा तास चहा आणि मिश्री बंद. लघवीला जाऊन या. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला टेकवून बसा. पट्टा उघड्या दंडावरच हवा, म्हणून पोलकं सैल बाहीचं घाला. मशीन चालू असताना गप्प बसायचं, सुनेची तक्रार मी नंतर ऐकते. दोनदा मोजायला लावा. 140/90 किंवा वर आलं तर डॉक्टरांना भेटल्याशिवाय निघू नका.

रोज एक गोळी म्हणजे सहा महिन्यांच्या 180. एरवी आम्ही 30 देतो, जास्त हव्या असतील तर आधी सांगा. नाहीच जमलं तर बीपीच्या कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रात दाखवा.

गोळ्या घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. एका मावशीच्या चार पट्ट्या कोपीत, म्हणजे तोडीवरच्या झोपडीत, उंदरांनी कुरतडल्या होत्या. नवरा-बायको दोघांना बीपी असेल तर डबे दोन. पहाटे भाकरी बांधतानाच गोळी घ्या. एक दिवस चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन नकोत. बरं वाटतंय म्हणून बंद करू नका. बरं वाटतंय ते गोळीमुळेच.

मीठ कमी खा असं सांगायचं असतं. फडात घाम गाळणाऱ्या बाईला ते सांगताना माझीच जीभ अडखळते. निदान लोणचं तरी रोज नको.

छातीत दाबल्यासारखं झालं, हाताला कळ गेली, घाम फुटला तर पित्त म्हणून सोडा पिऊ नका. मोळी टाका, बसा, 108 लावा. फोनवर पहिला प्रश्न येतो, कुठं आहात? परक्या गावच्या फडात ते कुणालाच सांगता येत नाही. म्हणून पोचल्या दिवशीच गावाचं, तालुक्याचं आणि शेतमालकाचं नाव विचारून डब्याच्या झाकणावर लिहा. फड बदलला की खोडून नवं लिहा.