आई-बाबांना बाळाच्या हालचाली शिकवताना या चुका टाळा

बाळांच्या हालचालींवर काम करणाऱ्या नव्या थेरपिस्टची भेट बहुधा अशी होते. बाळ स्वतःच्या हातात घ्यायचं, पंधरा मिनिटांत सात व्यायाम दाखवायचे, छापील कागद हातात द्यायचा आणि ‘रोज करा’ म्हणायचं. पंधरा दिवसांनी कागद फ्रिजवर चिकटलेला असतो आणि बाळ होतं तिथंच असतं. मग फाइलवर शेरा पडतो, ‘पालकांचं सहकार्य नाही.’ असा शेरा लिहिण्याआधी पुढचं वाचा. अंगणवाडी सेविका, परिचारिका आणि घाईत असलेले आई-बाबा यांनीही वाचायला हरकत नाही.

बाळ आपल्याच हातात ठेवणं

सगळ्यांत महाग पडणारी चूक ही. पालथं घालण्याचंच घ्या. सरावलेल्या हातात दोन महिन्यांचं बाळ छान मान उचलतं आणि आई खूश होते. घरी ती त्याला कापसाच्या मऊ गादीवर पालथं ठेवते. कोपरं छातीच्या मागे अडकतात, नाक गादीत जातं आणि अर्ध्या मिनिटात बाळ किंचाळायला लागतं. ‘त्याला आवडत नाही हो,’ म्हणून विषय संपतो. तिने पाहिलेलं असतं, पण तिच्या हातांनी एकदाही केलेलं नसतं.

म्हणून भेटीत बाळाला हात लावू नये. दाखवायला कापडी बाहुली पुरते, बाळावर आईने किंवा बाबाने करावं. जमिनीवर चटई आणि वर घडी घातलेली चादर. पावसाळ्यात लादीला ओल सुटते, तेव्हा चटईखाली आणखी एक सतरंजी. दूध पिऊन निदान अर्धा तास झालेला हवा. बाळाला उचलून थेट पालथं टाकायचं नाही. आधी कुशीवर वळवायचं, खालचा हात पुढे काढायचा, मग पालथं करायचं. आपल्या मनगटाएवढी जाड टॉवेलची गुंडाळी छातीखाली, दोन्ही हात गुंडाळीच्या पुढे, कोपरं खांद्यांच्या बरोबर खाली. तरीही मान उचलत नसेल तर ढुंगणावर तळहात ठेवून पायांच्या दिशेने हलका दाब द्यायचा. भार मागे सरकतो आणि डोकं उचलणं सोपं जातं. हा एक तळहात त्या सात व्यायामांना भारी आहे. खेळणं नंतर, आधी आईचा चेहरा, बाळाच्या डोळ्यांच्या पातळीवर, वीतभर अंतरावर.

किती वेळ? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, अजून स्वतः हलू-सरकू न लागलेल्या बाळाला जागेपणी दिवसभरात मिळून निदान ३० मिनिटं पालथं घालावं. ‘अर्धा तास’ ऐकलं की आईचा धीर सुटतो. तिला ‘लंगोट बदलताना दर वेळी दोन मिनिटं’ असं सांगा. रडायला लागण्याआधी उचलायचं, रडल्यावर नव्हे. सिझेरियन झालेल्या बाईला पहिल्या आठवड्यांत जमिनीवर बसवू नका. तिने तक्क्याला रेलून बाळाला छातीवर पालथं घेतलं तरी ते हिशेबात धरायचं. झोपवायचं मात्र पाठीवरच, हे दर भेटीत तोंडाने सांगायचं, कळलं असेल म्हणून सोडून द्यायचं नाही.

‘वॉकर काढून टाका’ म्हणून निघून येणं

सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. कॅनडात २००४ पासून वॉकरच्या विक्रीवर बंदी आहे. वॉकरमधलं बाळ सेकंदाला तीन फुटांहून जास्त वेगाने सुटू शकतं, आणि आपल्या गोव्यातल्या जुन्या घरांत बाल्कांवच्या, म्हणजे दारापुढच्या बसायच्या ओट्याच्या, पायऱ्या उंबऱ्यापलीकडेच असतात. शिवाय त्याने चालणं लवकर येत नाही. बाळ पायांच्या बोटांनी जमीन ढकलतं, वॉकरच्या पुढच्या ताटामुळे त्याला स्वतःचे पाय दिसत नाहीत आणि तोल सांभाळायची गरजच पडत नाही.

पण डिचोलीकडच्या एका घरात काय झालं ते बघा. आठ महिन्यांची मुलगी, बोटीवर नोकरीला असलेल्या मामाने आणलेला दिवे लागणारा वॉकर. थेरपिस्टने तो बंद करायला सांगितला, आईने मान डोलावली आणि वॉकर माळ्यावर गेला. पुढच्या भेटीत कळलं की तो पुन्हा खाली आलाय. आईला चार शब्द ऐकवले गेले. तिसऱ्या भेटीला कुणी आलंच नाही. महिन्याने अंगणवाडी सेविका घरी गेली तेव्हा उलगडा झाला. आई सकाळी आठला कामावर जायची. घरी फक्त आजी, तिचे गुडघे दुखरे. अकरा ते एक शीत-कडी (भात-आमटी) आणि मासळीची गडबड, आणि सरपटणारी नात विळीच्या दिशेने. तो वॉकर म्हणजे आजीचे ते दोन तास होते.

सेविकेने त्या दोन तासांची सोय लावली. चुलीपाशी उभं राहून दिसेल असा हॉलचा कोपरा निवडला. दोन बाजूंना भिंत, तिसरीकडे सोफा, चौथीकडे न डुगडुगणारा जड बाक. मधे साधारण दीड मीटर लांब-रुंद जागा. खाली चटई आणि सतरंजी. आत तीनच वस्तू: स्टीलची वाटी, लाकडी पळी, झाकणाचा रिकामा डबा. बाक साधारण चाळीस सेंटीमीटर उंचीचा, म्हणजे बाळाच्या छातीला लागेल एवढा. थोड्या दिवसांत मुलगी त्याला धरून उभी राहू लागली, मग बाकावरून सोफ्याकडे सरकू लागली. दोन्हींत आधी वीतभर अंतर ठेवायचं, पुढे दीड वीत. वॉकर माळ्यावर कधी गेला, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तेव्हा एखादी वस्तू बंद करायला सांगण्याआधी विचारा, ‘ही दिवसात कुठल्या वेळी लागते? तेव्हा घरात कोण असतं?’ मोबाइल, झोका, बाउन्सर, सगळ्यांना हाच प्रश्न. त्याच २०१९ च्या सूचनांत बाळाला एका वेळी तासाहून जास्त बांधून किंवा अडकवून ठेवू नका असंही आहे. पाळण्यात जागं पडून राहणाऱ्या बाळालाही हाच हिशेब लावा.

पांगुळगाड्याला वॉकरच्या रांगेत बसवू नका. तो आधाराने उभं राहणाऱ्या मुलाने स्वतः ढकलायचा असतो. गुळगुळीत लादीवर मात्र तो पुढे पळतो, म्हणून खालच्या दांडीला दोन किलो तांदळाची पिशवी बांधा.

बाकीच्या

बाळाचे दोन्ही हात त्याच्या डोक्याच्या वर धरून चालवणं: बाळ पुढे झुकतं आणि तोल मोठ्या माणसाच्या हातात राहतो. धरायचंच तर कमरेला धरा.

उशांच्या किल्ल्यात बसवणं: फोटो छान येतो, एवढाच फायदा. कुशीवरून हात टेकून उठायला शिकवा.

लादीवर मोजे: काढा.

न्हाऊ घालणाऱ्या बाईशी भांडण: शहाण्यासारखं वाटतं, पण मूर्खपणा आहे. पाठ चोळताना ती बाळाला पायांवर पालथं घेते, म्हणजे निम्मं काम तिने केलेलंच असतं. तिला दोनच गोष्टी सांगा. सांधे ओढायचे नाहीत, आणि दुपट्यात पाय सरळ ताणून आवळायचे नाहीत. गुडघे वाकवून बाजूला पडू द्यायचे, नाहीतर खुब्याच्या सांध्याला धोका असतो.

तारीख ठरवून देणं: ‘नवव्या महिन्यात रांगलंच पाहिजे’ हे कुठून येतं कोण जाणे. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये दिलेली मुदत आधाराशिवाय बसायला ३.८ ते ९.२ महिने आणि एकट्याने चालायला ८.२ ते १७.६ महिने अशी ऐसपैस आहे. काही मुलं हात-गुडघ्यांवर कधीच रांगत नाहीत आणि तरी वेळेत चालतात. दिवस भरण्याआधी जन्मलेलं बाळ जितके आठवडे आधी आलं, तितके त्याच्या वयातून वजा करा, ते दोन वर्षांचं होईपर्यंत. आठ आठवडे आधी आलेलं सहा महिन्यांचं बाळ चार महिन्यांचं धरायचं.

आणि याच्या उलट, ‘होईल हळूहळू’ म्हणणं. चार महिने झाले तरी मान धरत नाही, मुठी सतत आवळलेल्या, वर्षाच्या आतच एकच हात वापरतं, नऊ महिने उलटून गेले तरी बसत नाही, दीड वर्षाला चालत नाही, अंग ताठ किंवा लुळं, किंवा येत होतं ते करेनासं झालं, तर व्यायाम शिकवत बसू नका. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडे किंवा थेट बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) बालरोग विभागात पाठवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून अशा मुलांसाठीही आहे. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसीला आई येतेच, तेव्हा एक मिनिट बाळाकडे बघून घ्या.

दुसऱ्या भेटीत ‘करता ना?’ विचारू नका, उत्तर ‘हो’च येणार. चटई पुढे करा आणि म्हणा, ‘घरी कसं करता, दाखवा बघू.’ आजी आली असेल तर आधी तिला.